नवशिक्यांचे सैन्य

खाली मोटारींच्या आसनांना रेक्झिन चढवणारे दुकान होते आणि वर सैन्ये विकणारे. बेंगळुरूच्या शिवाजीनगरातल्या त्या अरुंद जिन्यात दोन वास एकमेकांत मिसळत. खालून गोंदाचा आणि नव्या रेक्झिनचा, वरून रंगाचा. पातळ, किंचित गोडसर, नखांना लावायच्या रंगासारखा. माझे यजमान डाव्या हाताने कठडा धरून चढत होते. उजवा हात त्यांनी खिशात ठेवला होता. तिथे तो कुणाला दिसत नसे. मला दिसे, कारण खिशाचे कापड आतून हलत राही, झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटासारखे.

ह्यांचे सारे आयुष्य त्या हाताने उभे केले होते. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत हे डाळीच्या दाण्याहून लहान सुटे भाग भिंगाखाली धरून जोडत, आणि संध्याकाळी घरी आले की त्यांच्या बाहीला तापल्या कथलाचा वास असे. गेल्या वर्षी, नवरात्र संपता संपता, त्या हातातला कॉफीचा पेला खालच्या वाटीवर, डबऱ्यावर, वाजला. नुसता वाजला, सांडला नाही. मी स्वयंपाकघरातून तो बारीक, न थांबणारा नाद ऐकला आणि मला वाटले, बाहेर कुणी पूजेची घंटी घेऊन आले आहे. पुढे डॉक्टरांनी त्याला पार्किन्सन हे नाव दिले, गोळ्या दिल्या, आणि बोटांना बारीक काम देत राहा असे सांगितले. बारीक कामाची नोकरी मात्र ह्यांनी स्वतःच सोडली, कुणी सुचवण्याआधी.

त्यानंतर फोन यायचे. मग कमी झाले. जे आले ते सारे तब्येतीचे होते. माणसे ह्यांच्याशी हळू आवाजात बोलू लागली, जणू आजार कानांना झाला आहे. आणि अशात ह्यांच्या हाताखाली काम शिकलेल्या एका जुन्या सहकाऱ्याने, आता तोही दोन मुलांचा बाप, सहज विचारले की सर, रविवारी खेळायला याल का.

खेळ मला त्यानेच समजावला. मोठ्या टेबलावर डोंगर, भिंती, पडके बुरूज मांडायचे. दोघांनी समोरासमोर बसायचे. दोघांचीही अंगठ्याएवढ्या पुतळ्यांची सैन्ये, स्वतः जोडलेली, स्वतः रंगवलेली. मोजपट्टीने अंतर मोजायचे, सैनिक पुढे सरकवायचे, फासे टाकायचे, लढायचे. हे ऐकत असताना ह्यांनी मान वर केली. कित्येक महिन्यांत मी ती मान तशी वर झालेली पाहिली नव्हती. ह्यांना लढाई जिंकायची नव्हती. ह्यांना एका टेबलाशी बसायचे होते, जिथे कुणी तब्येत विचारणार नाही. एवढेच हवे होते, आणि तेवढे मिळावे म्हणून मी काहीही विकत घ्यायला तयार होते.

पण काय घ्यायचे, ते कळत नव्हते. दुकानात छतापर्यंत खोकी होती आणि प्रत्येक खोक्यात एक सैन्य. दुकानाची मालकीण तिशीची, केस आखूड कापलेली, नखांच्या कडांना वाळलेल्या रंगांचे ठिपके. ती कानडी वळणाच्या इंग्रजीत बोलत होती आणि मला पाहून मध्येच हिंदीत शिरत होती. तिने काचेच्या कपाटातून नमुने काढून आमच्यासमोर ठेवले.

ह्यांनी सरळ धनुर्धरांकडे हात नेला, डावा हात. वनात राहणाऱ्या कुठल्याशा काल्पनिक जमातीचे ते सैन्य होते. बारीक कंबर, वाऱ्यावर उडालेले शेले, केसाएवढी धनुष्याची दोरी, आणि प्रत्येकाला वेगळा चेहरा. एकाचे ओठ किंचित उघडे होते. एकीच्या भुवईत आठी होती. हे त्यांना भिंगाखाली धरावे तसे डोळ्यांजवळ धरून पाहत राहिले.

मालकिणीने ह्यांच्या खिशाकडे पाहिले होते का, मला ठाऊक नाही. तिने फक्त विचारले, पहिल्यांदाच खेळता आहात का, आणि मग दुसरे खोके पुढे केले. नव्याने खेळणाऱ्याने हे घ्यावे, ती म्हणाली. चिलखती सरदार. संख्येने थोडे, अंगाने मोठे, पायाखाली रुंद चकत्या, त्यामुळे सहसा पडत नाहीत. शत्रूचा मारा बराच वेळ सोसतात. डावपेच फार नाहीत, पुढे जायचे आणि उभे राहायचे. रंगवणेही सोपे, कारण सगळ्यांच्या डोक्यावर पूर्ण शिरस्त्राण. डोळे, ओठ काही काढावे लागत नाही.

"मॅडम, हे फर्गिव्हिंग सैन्य आहे," ती मला म्हणाली. "स्वल्प चुकलं तरी माफ करतं."

चुका माफ करणारे सैन्य. मला ते शब्द एखाद्या प्रार्थनेसारखे लागले. त्या क्षणी मला जगातून तेवढीच एक वस्तू हवी होती. धनुर्धरांबद्दल ती म्हणाली की ते सुंदर आहेत पण अवघड. अंतराचा अंदाज चुकला की संपतात, आणि हाताळताना मोडतात.

"नवशिक्यांचं नको," हे म्हणाले.

ह्यांचा आवाज त्या आजाराने सपाट होत चालला होता आणि चेहराही. पूर्वी तिथे राग, गंमत, लाज सारे कसे पाण्यावर ढगाची सावली सरकावी तसे सरकत जायचे. आता पाणीच गोठल्यासारखे झाले होते. त्यामुळे ह्यांना किती नको आहे, ते मला कळेना. मी मात्र बोलत सुटले. हे किती देखणे आहेत बघा, धातूचा रंग तुम्हाला आवडतो, सुरुवातीला हे घेऊ, मग ते घेऊ. मी बोलता बोलता स्वतःचा आवाज ऐकला. तोही हळू होता. तोच आवाज, जो फोनवर लोक ह्यांच्याशी काढत.

ह्यांनी धनुर्धर खाली ठेवला. ठेवताना तो आडवा पडला. ह्यांनी तो उभा केला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "तुला बरं वाटतं ते घे."

मी ते घेतले. जिन्यावरून उतरताना खोके माझ्या हातात होते आणि ते मला सारखे जड लागत होते.

पुढचे काही आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेले असे. पितळी पेल्यात पाणी, जुन्या चिनीमातीच्या बशीत रंग. सकाळची गोळी घेतल्यानंतर काही काळ हात ऐके. त्या वेळात हे बसत. मी समोर भाजी निवडत बसे आणि न पाहण्याचा अभ्यास करी. ओला कुंचला ह्यांना साधेना. रेघ ओढावी तिथे लाट उमटे. मग एक दिवस मालकिणीने फोनवर दुसरी रीत सांगितली. सबंध पुतळा काळा रंगवायचा. मग कुंचला रुपेरी रंगात बुडवून तो रंग कागदावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा, आणि त्या कोरड्या कुंचल्याने पुतळ्यावरून नुसते झाडत जायचे. जिथे उंचवटा असेल तिथे रंग बसतो, खोलात काळोख राहतो.

कोरड्या कुंचल्याला थरथर चालली. थरथरीनेच तो झाडला गेला. खांदे, ढालींच्या कडा, शिरस्त्राणांचे कंगोरे काळ्यातून असे वर येऊ लागले, जसे पहाटे खिडकीचे गज आधी दिसतात आणि मग खोली. मी भाजी विसरले. "छान झालं," मी म्हटले. हे बराच वेळ त्या सरदाराकडे बघत होते. मग म्हणाले, हो, पण सरदारांना बघायला डोळेच नाहीत.

नवरात्र आले तेव्हा सगळे सरदार तयार होऊन टेबलाच्या कडेला उभे होते आणि पहिल्या खेळाचा रविवार ठरला होता. तो रविवार नवरात्राच्या मध्यात पडत होता, ह्याचा विचार आमच्यापैकी कुणी केला नव्हता.

आमचे हे घर पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेले. घरात मराठी बोलायचे, घट बसवायचा, आणि घटाशेजारी पायऱ्या मांडून बाहुल्या बसवायच्या. ही गोंब्यांची रीत इथल्या शेजारातून कधीतरी घरात आली आणि घरचीच झाली. सर्वांत वर लाल लाकडाचे राजाराणी, त्यांना इथे पट्टद गोंबे म्हणतात. खाली वाणी, वाजंत्री, लग्नाची वरात. दर वर्षी एक तरी नवी बाहुली यायलाच हवी. पायऱ्या मांडायला माझ्या मोठ्या नणंदबाई बसवनगुडीहून येतात. त्यांना सारे घर अक्का म्हणते, आणि त्या आल्या की घरात चाफा, कापूर आणि जुन्या पेटीतल्या कापडाचा वास एकदमच दरवळतो.

घट बसले त्या सकाळी मी आत हरभऱ्याच्या उसळीत नारळ खोवून घालत होते. बाहेर आले तेव्हा अक्का मागे सरून मान कलती करून पायऱ्यांकडे पाहत होत्या. सर्वांत खालच्या पायरीवर, वाण्याच्या पुढ्यात, आमचे चिलखती सरदार ओळीने उभे होते. त्यांच्या पायांशी अक्षता होत्या. सर्वांत मोठ्याच्या शिरस्त्राणावर हळदकुंकवाची बोटे उमटली होती.

"ह्या वर्षीची नवी बाहुली आणायला कुणाला सवड झाली नव्हती," अक्का म्हणाल्या. "आणि राजाला इतकी वर्षं फौजच नव्हती. बिचारा नुसता वाण्याच्या भरवशावर बसला होता."

हे दारात उभे होते. ह्यांच्या तोंडून हसण्याचा आवाज आला, चेहरा न हलता. मी मात्र हिशेब करीत होते. आमच्याकडे एकदा बसवलेली बाहुली विजयादशमीच्या संध्याकाळपर्यंत हलवत नाहीत. त्या संध्याकाळी आरती झाली की एकेक बाहुली आडवी निजवायची आणि दुसऱ्या दिवशी पेटीत. तोवर नाही.

मी अक्कांना रविवारचे सांगितले. शक्य तितक्या हलक्या आवाजात म्हटले की ही खेळातली प्यादी आहेत, एका दुपारपुरती काढून परत ठेवू, देवीला राग येणार नाही. अक्कांनी निरांजनाची वात सारखी केली. मग माझा हात धरून मला स्वयंपाकघरात नेले.

"गेल्या वर्षी समईचं तेल राजाच्या पायावर ओघळत होतं," त्या म्हणाल्या. "मी त्याला मध्येच उचलला. पुसला, थोडा सरकवून ठेवला. कुणाला सांगितलं नाही. आणि नवरात्र उठायच्या आत ह्याच्या हातात पेला वाजला."

मी म्हटले की आजार त्याच्या कितीतरी आधी आत शिरलेला असतो, डॉक्टरांनीच सांगितले आहे. अक्कांनी मान हलवली, त्यांना तेही ठाऊक होते. पण वर्षभर त्या एकट्या ही गोष्ट बरोबर घेऊन हिंडल्या होत्या, आणि आता त्यांच्या धाकट्या भावासाठी त्यांना करता येण्यासारखी एकच गोष्ट उरली होती: काहीही न हलवणे. माझ्यापाशीही एकच गोष्ट होती, तो रविवार. दोघींच्या हातांत त्या माणसासाठी दुसरे काही नव्हते, आणि दोन्ही एकाच वेळी देता येत नव्हते. उसळ तळाला लागल्याचा वास आला तेव्हा आम्ही भानावर आलो.

बाहेर आलो तर ह्यांनी सारे ऐकले असावे. "राहू देत, अक्का," हे म्हणाले, आणि खोलीत गेले. मला वाटले, संपले.

पण ह्यांनी सहकाऱ्याला फोन केला आणि खरे तेच सांगितले. पलीकडून मोठ्याने हसण्याचा आवाज मला लांबून ऐकू आला. फौज देवीच्या बंदोबस्ताला गेली असेल तर काय करणार, तो म्हणाला. दुकानात उसनी मिळते, तुम्ही या.

रविवारी मालकिणीकडे उसने देण्यासारखे एकच सैन्य शिल्लक होते. चिलखती कुणी दुसरा नवशिका घेऊन बसला होता. तिने माझ्याकडे जराशा संकोचाने पाहिले आणि फळीवरून धनुर्धर काढले. कितीतरी होते. त्यांच्या त्या काडीसारख्या पायांवर, वेगवेगळ्या चेहऱ्यांनी, ते सबंध तबक भरून उभे होते. ह्यांनी तबक दोन्ही हातांनी घेतले.

सुरुवातीला गोळीचा अंमल होता. हे एकेक धनुर्धर उचलून टेकडीच्या कडेने लावत गेले आणि मी भिंतीशी खुर्चीवर बसून श्वास मोजत बसले. सहकारी समोर. फासे लाकडावर पडत होते, पट्टीचा पत्रा वाजत होता, कुणीतरी बाजूच्या टेबलावरून टोमणा मारत होते की सरांनी कब्बन पार्कातली अर्धी झाडे आणून उभी केली आहेत. मग दुपार सरली. मी त्या हाताच्या आधी ओळखले. आधी अंगठा, मग तर्जनी. हे एक धनुर्धर उचलायला गेले आणि बोटांच्या कडेने शेजारची ओळच्या ओळ आडवी झाली. लाकडावर प्लास्टिकचा तो पोकळ, कोरडा आवाज. पावशेर वाटाणे सांडावेत तसा.

कुणी हलले नाही. त्या टेबलांचा एक नियम होता, तो मला मालकिणीने आधीच सांगितला होता: दुसऱ्याच्या सैन्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. तो शिष्टाचार होता, तिथे सर्वांना लागू. म्हणून सहकाऱ्याने दोन्ही हात मांडीवर घेतले आणि वाट पाहू लागला. हे एकेक उभा करू लागले. एक उभा राहिला की दुसरा पडे. माझे हात स्थिर होते, रिकामे होते, तीन पावलांवर होते. मी उठून हळूच विचारले, मी लावू का. ह्यांनी वर न पाहता सांगितले, "हात लावू नकोस."

मी परत बसले. खाली कुणीतरी रेक्झिनवर हातोडीने खिळे ठोकत होते आणि प्रत्येक ठोक्यागणिक मला वाटे, आता कुणी तरी बस म्हणावे, पुरे म्हणावे. कुणी म्हटले नाही. ओळ उभी राहायला किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. सहकारी जांभई न देता, कीव न दाखवता, एखादा कंटाळलेला प्रतिस्पर्धी जशी वाट पाहतो तशी वाट पाहत होता. मध्येच त्याने चहा मागवला.

हे हरले. सपाटून हरले. शेवटचा धनुर्धर टेबलावरून उचलला गेला तेव्हा सहकारी पुढे वाकला आणि टेकडीकडे बोट दाखवून म्हणाला:

"सर, धनुर्धर इतके पुढे आणायचेच नाहीत. तिथेच गेला तुमचा डाव. ही साफ तुमची चूक."

मला त्याचा राग आला. पण ह्यांनी पट्टी ओढून घेतली आणि अंतर दाखवत सांगू लागले की चूक तिथे नाही, भिंतीआडून तुला येऊ दिले ती चूक. तो म्हणाला, नाही. हे म्हणाले, हो. ते भांडण टेबलावरून जिन्यावर आले, जिन्यावरून रस्त्यावर, रिक्षा थांबेपर्यंत चालले. खिशातून काढलेला उजवा हात हवेत थरथरत, अंतरे दाखवत होता, आणि त्याच्याकडे दोघांचेही लक्ष नव्हते. वर्षभरात ह्यांना कुणी चूक दाखवली नव्हती. आम्ही सारे माफच करीत आलो होतो.

विजयादशमीला आरतीनंतर अक्कांनी राजाराणीला निजवले. मग खाली वाकून एकेक सरदार आडवा केला. हळुवार, जणू चिलखत रुतेल. दुसऱ्या दिवशी त्या गेल्यावर मी पायऱ्या आवरत होते. ह्यांनी येऊन ते सरदार उचलायला सुरुवात केली, एकेक, जेवणाच्या टेबलाकडे. तिथे एक नवे खोके होते. मला न सांगता हे शिवाजीनगरला जाऊन आले होते. आत धनुर्धर होते, दुकानातून जोडून घेतलेले, अजून रंग न दिलेले, राखाडी, पण चेहऱ्यांसकट.

"मग हे?" मी सरदारांकडे पाहून विचारले.

"ते तुझे. मला दुपारी कुणीतरी समोर लागतं."

"मला खेळ येत नाही."

"म्हणूनच तर ते सैन्य," हे म्हणाले.

मी बसले. ह्यांनी पुस्तके रचून टेकड्या केल्या, धनुर्धरांची ओळ लावली, ती पडली, पुन्हा लावायला घेतली. मी हात मांडीवर ठेवले. रंगासाठी भरून ठेवलेल्या पेल्यातले पाणी अजून स्वच्छ होते. ओळ उभी राहिली तेव्हा ह्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या न हलणाऱ्या चेहऱ्यात काय होते ते मला आजही वाचता येत नाही. "तुझी पाळी," हे म्हणाले. मी तो मोठा सरदार उचलला. त्याच्या शिरस्त्राणावरचे कुंकू अजून गेले नव्हते. माझा हात जराही हलत नव्हता, आणि त्या सरदाराला कुठे ठेवायचे ते मला कळत नव्हते.